काळ्या मुठीची सुरी

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास हाटकेशमधल्या एका इमारतीच्या फाटकाबाहेर लवू धारवाल्याने एक सुरी मनालीच्या नवऱ्याच्या हातात दिली. ती द्यायला नको होती, हे त्याला पाऊण तासाने कळलं.

सुरी नऊच्या आसपास मनालीनेच आणून दिली होती. मुलीला शाळेत सोडायला निघालेली, घाईत. लवूने कागद सोडला आणि पात्यावरून अंगठा आडवा फिरवला.

"वहिनी, हिला धार आहे की. मीच लावलेली मागे."

"असू दे."

"उगाच घासली तर पातं झिजतं."

"मग नका घासू. संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे ठेवा, काका. मी येते न्यायला."

ती गेली. शेजारच्या टपरीतला इस्त्रीवाला रामू हसला. "क्या चाचा, अब लॉकर भी खोल लिया?"

लवू मूळचा महाडकडचा. सायकल स्टँडवर चढवायची, मागच्या चाकाचा पट्टा धारेच्या दगडाला जोडायचा, सीटवर बसून पेडल मारायचं. हेच त्याचं काम आणि हेच दुकान. चिठ्ठी नाही, नंबर नाही. सुरी सासू देते, न्यायला सून येते. कात्री बाई देते, नेतो वॉचमन. येणाऱ्याने मूठ कशी ते सांगायचं, लवूने वस्तू काढून द्यायची. माणूस कोण, हे तो विचारत नसे. इतक्या वर्षांत कोणाची वस्तू इकडची तिकडे झाली नव्हती.

मनालीच्या नवऱ्याने, दिपेशने, मूठ बरोबर सांगितली. "काळी, टोकाला तार गुंडाळलेली. मिसेसने दिलीय ना तुमच्याकडे?"

"त्या संध्याकाळी येते म्हणाल्या."

"आत्ता लागतेय, काका. पाहुणे येतायत. मटण आणलंय."

लवूने पिशवीतून सुरी काढली. काम न करता वस्तू परत देणं त्याच्या जिवावर आलं. "दोन मिनिटं थांबा," म्हणत तो सीटवर बसला आणि पातं दगडाला लावलं. ठिणग्या उडाल्या. त्याने कागदाची कड कापून दाखवली. दिपेशने मान हलवली, सुरी पिशवीत टाकली आणि बाइकला किक मारली.

तो वळणावरून गेल्यावर रामू म्हणाला, "चाचा, मंगलवार को मटन? इनके यहाँ तो नहीं बनता."

लवूने पुढची कात्री दगडाला लावली.

सव्वाअकराला मनाली आली. "काका, हे आले होते का इकडे?"

"घेऊन गेले की सुरी."

ती तिथेच फुटपाथवर बसली. लवूने पाण्याची बाटली पुढे केली, ती तिने घेतली नाही. मग तुटक तुटक बोलत राहिली. सासू गेल्या वर्षी वारली. तिची काशीगावची खोली मोठे दीर दशरथ यांनी कोणाला न विचारता विकली. आज ते सामान काढणार होते. रात्रभर दिपेश एकच वाक्य बोलत होता: दादाला आज सोडत नाही.

"म्हणून घरातली सुरी बाहेर काढली," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायला लाज वाटली."

"मला वाटलं घरचंच माणूस."

"घरचेच आहेत हो."

तिने जावेला, स्वप्नालीला, फोन लावला. दशरथ टेम्पो घेऊन गेले होते, फोन घरी विसरून. "का गं, काय झालं?" स्वप्नाली विचारत होती. मनालीने तोंडावर हात धरला आणि फोन ठेवला.

"पोलिसांना सांगू या," लवू म्हणाला.

"केस झाली तर? नोकरी जाईल त्यांची. आधी काशीगावला जाऊन बघू."

रामूने लवूला बाजूला घेतलं. "तुम काहे को बीच में पड़ते हो? धार तुमने लगाया. साइकिल जमा कर लेंगे, फिर क्या खाओगे?"

"तू नजर ठेव सायकलवर," लवू म्हणाला आणि रिक्षाला हात केला.

काशीगावातल्या खोलीला नवं कुलूप होतं. शेजारची मनोरमा दारात तांदूळ निवडत बसली होती.

"दशरथ गेला मघाशीच. दिपेश आलेला मागून."

"भांडले?" मनालीने विचारलं.

"भेटलेच नाहीत तर भांडतील कसे? शांत होता हो पोरगा. पाणी प्यायला. टेम्पो कुठे गेला विचारलं, मी सांगितलं, समुद्राकडच्या चौक गावाला, दशरथच्या सासरवाडीला." तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "का? सांगायचं नव्हतं का?"

दिपेशचा फोन बंद लागत होता. रस्त्यावर आल्यावर मनालीच पोलीस चौकीच्या दिशेने चालू लागली.

चौकीत ती बोलू शकेना, तेव्हा लवूने सांगितलं. हवालदाराने विचारलं, "तू कोण यांचा?"

"कोणी नाही, साहेब. धारवाला. सुरी मी दिली. धार मीच लावली."

"आधीची धार नव्हती?"

"होती."

हवालदाराने पेन थांबवलं. "मग कशाला लावलीस?"

लवूने अंगठ्यावरची काळी भुकटी सदऱ्याला पुसली.

चौक गाव उत्तनच्या बाजूला, म्हणून तिकडच्या पोलिसांना निरोप गेला. दुपारी सायकल मागवून घेतली गेली. रामू ती ढकलत घेऊन आला आणि परत गेला. दगड, पट्टा, राहिलेल्या सुऱ्या, कात्र्या यांचा पंचनामा झाला. चारच्या सुमारास लवूला घरी जायला सांगितलं. तो गेला नाही. मनालीपासून थोडं अंतर राखून बाकावर बसून राहिला. मुलीला शाळेतून शेजारणीने आणलं होतं. शेजारणीचा फोन आला की मनाली "येतेय, येतेय" एवढंच म्हणे.

सहा वाजून गेल्यावर चौक गावाहून पोलिसांचा फोन आला. बसथांब्याच्या पुढे, मासे वाळवायच्या जागेजवळ टेम्पो उभा होता. लोखंडी कपाट, गॅसची शेगडी आणि गादीची वळकटी रस्त्यावर उतरवलेली होती. दिपेशची बाइक टेम्पोच्या मागे लावलेली होती, चावी तिलाच. ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. परत आला तेव्हा दोघे भाऊ खाडीच्या वाटेने बरोबर चालत जाताना त्याला पाठमोरे दिसले. त्यानंतर त्यांना कोणी पाहिलेलं नाही.