ट्रकचे तेल माझ्या घशात

मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण हात जोडून सुरुवात करतात. मला हात नाहीत, आणि असते तरी आज मी ते जोडले नसते, कंबरेवर ठेवले असते. मी एक जुना गिअरबॉक्स आहे. शाळेच्या गाडीच्या पोटाखाली, जिथे तुमचा चेंडू घरंगळत गेला तरच तुमचे डोके वाकते, तिथे माझा मुक्काम. तुम्ही मला पाहिलेले नाही, पण माझी ओरड नक्की ऐकली आहे. थंडीच्या सकाळी गाडी सुटताना ‘खर्रर्र’ असा आवाज येतो आणि तुम्ही दात आंबल्यासारखे तोंड करता ना, तो मी. त्या आवाजापायी एका भल्या बाईला जे ऐकून घ्यावे लागले, त्याचा राग माझ्या पोटात आहे. पोटातले तेल बदलले, राग तसाच राहिला.

माझा जन्म भट्टीत झाला. लोखंडाचा रस साच्यात ओतला, थंड केला, कानशीने घासला. मग माझ्यात दातेरी चाके बसवली आणि चाकांच्या शेजारी पितळेच्या कड्या. या कड्या म्हणजे माझ्या घरातल्या समजूतदार आत्याबाई. दोन चाके वेगवेगळ्या वेगाने गरगरत असतात, एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसतात. कडी मध्ये पडते, एकाला हलकेच धरते, त्याचा वेग दुसऱ्याइतका करते, आणि मग दातात दात असा बसतो की टाळावर टाळ पडावा. पण समजूत काढायची तर अंगाला हात लावता आला पाहिजे. म्हणून मधले तेल असे हवे की चाके झिजू नयेत आणि कडीचा हातही पोहोचावा. एवढे ध्यानात ठेवा, पुढचे सगळे रामायण यावरच घडले आहे.

ज्यांनी मला घडवले त्यांनी माझ्या अंगावर पत्र्याची एक पट्टी ठोकली आणि तिच्यावर माझ्या तेलाचा नंबर उमटवला. ऐंशी. थंडीतही वाहणारे, पितळेला न खाणारे तेल. देवाच्या घरी मुंगीला कण आणि हत्तीला मण मिळतो, आणि त्यात कुणाचा अपमान नसतो. मुंगीच्या तोंडात मण कोंबला तर ती हत्ती होत नाही, मित्रांनो. ती मरते.

माझी चांगली वर्षे आबांच्या हाताखाली गेली. आबा म्हणजे या गाडीचे पहिले चालक. तिसऱ्या गिअरात मला गुणगुणायची सवय होती, एकच सूर, लांबलचक. आबा त्या सुरात आपला सूर मिळवायचे आणि देवाची गाणी म्हणायचे. मागच्या बाकांवरची मुले टाळ्यांचा ठेका धरायची. एखादा पोरगा मुद्दाम चुकीच्या जागी टाळी वाजवायचा, मग आबा आरशातून डोळे वटारायचे आणि गाणे न थांबवता, गाण्याच्याच चालीत म्हणायचे, “मागच्या बाकावरचा गाढव कोण रे!” सगळी गाडी हसायची. शाळा कधी आली कळायचे नाही.

त्यांनी आपल्या मुलीला गाडी शिकवली ती माझ्यावरच. सगळी मुले तिला ताई म्हणतात, मीही म्हणतो. पहिल्या दिवशी ताईने गिअरचा दांडा जोरात ओढला तेव्हा आबा म्हणाले, “अगं, तो काय हातपंप आहे का? आधी त्याला विचार. दांडा नुसता टेकव. आतून हो आलं की टाक.” त्या दिवसापासून ती मला विचारूनच गिअर टाकते. आबांची नजर अधू झाली तेव्हा किल्ली तिच्याकडे आली. तिची लहान मुलगी, आबांचे औषधपाणी, घरातली चूल, सगळे त्या एका किल्लीवर चालू लागले.

गाडी मात्र तिच्या थोरल्या भावाच्या नावावर. त्याला सगळे दादा म्हणतात. दादा मनाने वाईट नाही, असे आबा सांगतात. असेल. मला खालून त्याचे फक्त बूट दिसतात; वरचे जे सांगतो ते आबा आणि ताईच्या बोलण्यातून कळलेले.

एकदा आमच्या घराच्या फाटकात, जिथे सकाळी मुले गाडीत चढतात, कुणाचे तरी वडील उभे राहून म्हणाले, “गाडी म्हातारी झाली वाटतं. कण्हते.” माझे गाणे म्हणजे कण्हणे! पण दादाला ते झोंबले. त्याच्या ट्रकच्या मागच्या चाकांच्या आसात घालायचे तेल डब्यात उरले होते. एकशे चाळीस नंबरचे, काळे, चिकट. एका दुपारी तो गाडीखाली शिरला, माझे सगळे तेल सोडून दिले आणि ट्रकचे तेल माझ्या घशात ओतले.

“गाडीचं पुस्तक तरी बघ, दादा,” ताई म्हणाली.

“पुस्तक कशाला? जाड तेल घातलं की आवाज बसतो. आणि हे भारीतलं आहे. ट्रक ओढतो याच्यावर, तुझी पोरं किती वजनाची?”

पट्टी त्याच्या नाकासमोर होती. हाताने चिखल पुसायचा अवकाश, नंबर दिसला असता. नाही पुसला.

माझा आवाज खरेच बसला. आबा एक दिवस सहज गाडीत बसले, तिसऱ्या गिअराची वाट पाहिली, तोंड उघडले आणि तसेच मिटले. “याचा सूर कुठे गेला रे?”

“गप्प केला, आबा!” दादा खुशीत म्हणाला.

“गप्प झाला म्हणजे बरा झाला असं नसतं रे बाबा,” आबा म्हणाले. दादा तोवर फोनवर बोलायला लागला होता.

उन्हाचे दिवस होते तोवर निभावले. मग थंडी पडली. तुमच्या घरी खोबरेल तेलाची बाटली थंडीत कशी आळते, उलटी केली तरी थेंब पडत नाही, आई ती खिडकीत उन्हाला ठेवते. माझ्या पोटात तसा गोळा झाला. मला कोण उन्हात ठेवणार? सकाळी काचेवरचे दव गोठलेले असायचे. ताई दांडा टेकवून विचारायची, कडी बिचारी हात पुढे करायची, आणि मधल्या चिकट तेलात तो हात घसरायचा. समजूत निघायच्या आधीच दात दातावर आदळायचे. खर्रर्र! वर ते तेल असे जहाल की पितळेला रोज थोडे थोडे खात होते. मी ओरडत होतो, मित्रांनो. ज्याला बोलता येत नाही तो ओरडतो. आणि माझी प्रत्येक ओरड तिच्या माथी मारली जात होती.

ताईने आपल्या परीने तोड काढली. लवकर येऊन इंजिन चालू करायचे, गिअर न टाकता क्लच सोडून ठेवायचा, म्हणजे माझ्या आतले चाक फिरून तेल ढवळते, थोडे सैल होते. मग आधी दुसऱ्या गिअरला दांडा लावायचा आणि नंतर पहिला टाकायचा. आबांची युक्ती. दादाने तेही बंद केले. “नुसती भुर्र भुर्र करत बसतेस! डिझेल काय आडातून येतं?” आणि फाटकात जमलेल्या मुलांकडे वळून हसत म्हणाला, “बघा रे, बाईचा हात लागला की गिअर रडतो!”

मुले हसली. मुलांना काय, मोठे हसले की ती हसतात. ताईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला दात होते, पण चावता येत नव्हते.

आणि मग तो शाळेजवळचा चढ. गाडी मुलांनी भरलेली. ताईने तिसऱ्यातून दुसऱ्यात यायला दांडा ओढला आणि दुसरा पडेना. गाडीचा जोर संपला, ती थांबली आणि वीतभर मागे सरकली. ताईने हाताचा ब्रेक असा खेचला की तिची बांगडी पिचली. कुणाला खरचटलेही नाही. पण आत मुले किंचाळली, आणि शाळेच्या फाटकातल्या आईबापांनी ते पाहिले. तेलाचा गोळा कुणाला दिसणार? बाई दिसली.

दुपारी दादा गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेला. दुपारी! सगळी सकाळ धावून मी तापलेला, तेल सैल झालेले. मिस्त्रीने एक फेरी मारली. “लोण्यासारखे पडतात की हो! तेल कोणतं आहे?”

“एकदम भारीतलं,” दादा म्हणाला.

मिस्त्रीने मान हलवली. खाली वाकला नाही.

“ऐकलंस ना?” दादा ताईला म्हणाला. “गाडी ठणठणीत. मग खोट कुठे? हातात.” त्याने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. “उद्यापासून तू घरी बस. मी बघतो दुसरा माणूस.”

मला वाटले ती रडेल. ती कंबरेला पदर खोचून उभी राहिली.

“दादा, याला थंडीत दुखतं आणि तू याला उन्हात बसवून नाडी बघतोस? उद्या सकाळी तू काढ गाडी. रिकामी. मुलं फाटकात उभी असू देत. तुझ्या हाताने पहिला गिअर पडला, तर मी पुन्हा किल्लीचं नाव काढणार नाही.”

मिस्त्री हसला. “शेठ, बहिणीला वकील करायला हवं होतं.”

“उद्या कशाला, परवा पण काढतो!” दादा म्हणाला.

सकाळ उजाडली ती बोटे बधिर करणारी. मुले कानटोप्या घालून फाटकात उभी. आबा खांबाला धरून. मिस्त्रीही मजा पाहायला आला होता. दादा मफलर गुंडाळून ऐटीत बसला, इंजिन चालू केले, क्लच दाबला आणि दांडा ढकलला.

खर्रर्र.

“थंड आहे अजून,” तो म्हणाला. पुन्हा ढकलला. खर्रर्र. मग दोन्ही हातांनी. मफलर सुटला, कपाळावर घाम आला. तेवढ्यात पिवळ्या टोपीतली एक चिमुरडी, अगदी काळजीने, मोठ्याने म्हणाली, “काका, तुमचा पण हात बाईचा झाला का?”

मित्रांनो, इतकी वर्षे मी गाणी ऐकली, पण इतके गोड काही ऐकले नव्हते. माझा आनंद मात्र क्षणभर टिकला. दादाने रागाने दांडा दुसऱ्याकडे ओढून त्यावर सगळे वजन टाकले आणि माझ्या दुसऱ्या गिअराजवळची पितळी कडी किंचाळली.

“दादा, सोड! मोडेल तो!” ताई धावली. जिचे सगळे पणाला लागले होते, तिला त्या वेळी माझी कीव आली. तिने त्याला उतरवले, क्लच सोडून मला फिरू दिले, मग दुसरा, मग पहिला. शाळेला उशीर झाला, पण मुले पोहोचली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मिस्त्रीने थंड गाडीखाली जाऊन माझा बोल्ट काढला. तेल पडेना. लोंबले, काकवीच्या तारेसारखे.

“हे काय पाजलंय याला? हे तर ट्रकच्या आसाचं!” तो बाहेर आला आणि स्वतःवरच चिडला. “मी विचारलं आणि तुमच्या ‘भारी’वर गप्प बसलो. बोट बुडवून बघायला काय झालं होतं मला?” त्याच्या तळहातावर काळ्या तेलात सोनेरी कण चमकत होते. आबांनी ते चिमटीत घेऊन चोळले. “हे काय रे खरखरीत?”

“याचं पितळ आहे, आबा,” ताई म्हणाली.

आबांनी मूठ मिटली. धोतराला बोटेही पुसली नाहीत.

मिस्त्रीने चिखल पुसला, पट्टी वाचली आणि ऐंशी नंबरचे तेल ओतले. ते आत उतरताना मला किती दिवसांनी श्वास आला!

मग सोमवारची सकाळ. थंडी तशीच, मुले तशीच फाटकात. दादाने किल्ली गाडीच्या टपावर ठेवली. “घे. तेलच होतं, झालं ना आता? एवढं काय त्यात.”

ताईने किल्लीला हात लावला नाही.

“तेलाला कुणी काही म्हटलं नव्हतं, दादा. माझ्या हाताला म्हटलं होतंस, या मुलांसमोर. त्या हातात दे.”

बूट टपाकडे वळले, किल्ली उचलल्याचा खुळखुळ आला. मग एक पाऊल पुढे आले. किल्ली तिच्या हातात पडल्याचा आवाज मी खालून ऐकला.

तिसऱ्या गिअरात मी आता पुन्हा गुणगुणतो. आबा पुढे बसले असले की गातात. पण दुसऱ्या गिअराला ताईला दर वेळी थांबावे लागते, कारण खाल्लेले पितळ परत येत नाही. दादाने माफी मागितलेली नाही. म्हणून माझा रागही मी सोडलेला नाही. देव क्षमाशील आहे, मी लोखंड आहे.

तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. माझ्यासारख्याच्या पोटात काही ओतण्याआधी त्याच्या अंगावरचा चिखल पुसा आणि त्याला काय लागते ते वाचा. दुखते आहे म्हणाला, तर ज्या वेळी दुखते त्याच वेळी तपासा. आणि पुढच्या थंडीत तुमच्या शाळेच्या गाडीत ‘खर्रर्र’ वाजले, कुणी चालवणाऱ्या बाईच्या हाताकडे बोट दाखवून हसले, तर तुम्ही हसू नका. चेंडूसाठी वाकता ना, तसे एकदा माझ्यासाठी वाका.