हनुवटीखालचे बोट

"अहो, असं नाही. मान मागे पडतेय तिची. द्या इकडे."

न्हाव्याच्या बायकोने लेकीला, ठमीला, त्याच्या मांडीवरून उचलले आणि चमचाही काढून घेतला. दुधात कालवलेले केळे त्याच्या गुडघ्यावर सांडले होते. वर्षाची होत आलेली ठमी आईच्या हातून मात्र निमूट गिळू लागली, आणि त्याला नेहमीसारखा बायकोचा मत्सर वाटला.

मत्सर करावा तर वैऱ्याचा, फार तर भाऊबंदांचा. बायकोचा मत्सर म्हणजे आपल्या हाताने आपल्याच घराला लावलेली चूड, हे त्याला कळत होते, वळत नव्हते. लेकीची बुद्धी मंदगतीने वाढेल, एवढेच डॉक्टरांनी दोघांना मिळून सांगितले होते. पुढचे सारे ज्ञान दर मंगळवारी, घास गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्टबाईंच्या खोलीत एकट्या बायकोला प्राप्त होई. तिथे बोलावणे आईला. बापाने बाहेर चपला राखाव्यात. घरी येऊन विचारले, तर उत्तर ठरलेले : तुम्हाला नाही कळायचं ते. दिवसभर परक्यांच्या हनुवट्या दोन बोटांवर तोलणाऱ्या त्या माणसाला पोटच्या पोरीची हनुवटी परकी झाली होती. गिऱ्हाइकाने लेकीची चौकशी केली, की तो वस्तरा पुसत म्हणे, "तिच्या आईला विचारा. सगळा कारभार तिकडे."

त्या मंगळवारी मात्र तो बायकोच्या मागोमाग, न बोलावता, आत शिरला.

"या की," थेरपिस्टबाई म्हणाल्या. "ताई म्हणायच्या, तुम्हाला दुकानातून सवड नसते."

बायकोने मान खाली घातली. हा घाव त्याला चांगलाच झोंबला. कित्येक महिने जपलेला प्रश्न त्याने तिथेच मांडला.

"ही मला बाबा कधी म्हणेल?"

बाईंनी आधी बायकोकडे पाहिले. मग सावकाश, शब्द निवडत त्यांनी सांगितले, की ठमी आवाज ओळखेल, हसेल, माया जाणेल. पण बोलेलच, असे वचन कोणी देऊ नये. आणि हे त्यांनी आईला पहिल्याच भेटीत सांगितले होते.

बायकोच्या ज्या ठेव्यावर त्याने इतके दिवस डोळा ठेवला होता, तो असा होता.

"दुकानातून येताना दारातूनच हाक मारता तिला, 'बाबा म्हण' म्हणून," बायको पुटपुटली. "सांगितलं असतं, तर ती हाक बंद झाली असती."

त्याने हात पुढे करून ठमीला आपल्या मांडीवर घेतले.

बाईंनी वाटी-चमचा पुढे ठेवला आणि त्याचा हात धरला. एक बोट हनुवटीखाली, अंगठा ओठाच्या खाली. दाबायचे नाही, नुसता आधार. चमचा सरळ न्यायचा आणि थांबायचे. तिला वेळ लागतो, तो द्यायचा. तो थांबला. बराच वेळ गेला. मग बोटाला गळ्याची हालचाल लागली. घास उतरला होता.

हर्षाने त्याने वर पाहिले. बायकोची नजर त्याच्या बोटावर खिळली होती. ती नजर त्याला पुरती ओळखीची होती. आरशात ती त्याने पुष्कळदा पाहिली होती.

त्याने चमचा बायकोपुढे धरला.

"उरलेलं तू भरव," तो म्हणाला.

ती जवळ सरकून बसली. हनुवटीखालचे बोट मात्र त्याने काढले नाही.