खालून येणारं ध्रुपद

पिकअपच्या हौद्याला आठ बोल्ट होते. सात निघाले; कुणी तेल पिऊन, कुणी हातोड्याचा मार खाऊन. आठवा मात्र हटवादी. पाना लावला तर डोकंच तुटून हातात आलं. उरलेला दांडा गंजून पत्र्याशी एकजीव झाला होता. ड्रिलनं पोखरून काढण्यावाचून इलाज नव्हता, आणि त्याच्या बरोबर खाली होती पेट्रोलची टाकी.

टाकी आधी उतरवायला हवी, हे आमच्या ह्यांनाही ठाऊक होतं नि मलाही. पण "एका बोल्टापायी अर्धा दिवस घालवायचा?" असं हे म्हणाले आणि मीही मान डोलावली. हे गॅरेजच्या खड्ड्यात उतरले, टाकीवर लाकडी फळी धरून उभे राहिले. मी वर हौद्यात, गुडघ्यांवर, ड्रिल घेऊन.

ड्रिल चालू असताना हाक ऐकू येत नाही. म्हणून आमची लग्नापासूनची रीत आहे. जरासं पोखरायचं, थांबायचं, मी एक ओळ म्हणायची. खालून ह्यांनी ध्रुपद धरलं की सगळं ठीक, मग पुढे. कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात ना, तसे हे माझ्या मागे. मागे कसले, खाली!

"वाट चुकले मी," मी म्हटलं.

"देवा, हात धर," खालून आलं.

पोखरलं. बारीक लोखंडी कीस उडाला.

दाराजवळ खुर्चीत मामंजी डोळे मिटून बसले होते. "सूनबाई, सूर चढतोय तुझा."

"भीतीनं चढतोय, मामंजी."

"मग बरोब्बर देवाच्या कानाशी जाईल."

मी हसले. पेट्रोलचा वास वाढल्यासारखा वाटत होता. गॅरेजात वास नसेल तरच नवल, अशी मनाची समजूत घातली. तरी ते ऐकेना. सकाळी ह्याच दांड्यावर घणाचे घाव मीच घातले होते. खालचा पाइप हादरला असेल का? पण ध्रुपद तर येत होतं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही.

"वाट चुकले मी."

"देवा, हात ध...र."

बोट बटणावर गेलं आणि तिथंच गोठलं. शेवटचा सूर लांबला होता. आमच्या ह्यांना तेवढा दमच नाही. तो सूर असा वळण देऊन खाली ठेवतात ते मामंजी. बापलेकांचा आवाज एकाच साच्यातला.

"मामंजी, आत्ता कोण म्हणालं?"

"मीच की. तो गप्प झाला, म्हटलं साथ तुटायला नको."

"कधीपासून गप्प आहेत?"

"ह्याआधी झाल्या असतील तीन ओळी."

तीन ओळी! म्हणजे तेवढ्या वेळा मी हे बटण दाबलं होतं. एक ठिणगी पुरली असती. झोपलेलं तान्हं मूल ठेवावं तसं ड्रिल खाली ठेवलं, उतरले, श्वास कोंडून खड्ड्यात शिरले.

हे पायरीवर कलंडले होते. छातीवर फळी, बाही पेट्रोलनं चिंब, वर टाकीचा पाइप टपटपत होता. काखेत हात घालून ओढलं, हलेनात. छाती फुटायला आली. तेवढ्यात गुडघ्यांनी कधीचे अधू असलेले मामंजी जमिनीवर पालथे पडले आणि त्यांनी लेकाची कॉलर धरली. मी खालून रेटलं, त्यांनी वरून खेचलं.

उघड्यावर आणून मी ह्यांच्या गालावर चापटी मारली. जन्मात पहिल्यांदा. दुसरी जरा जोरातच. हे खोकले, डोळे उघडले.

"बोल्ट निघाला?"

"चुलीत गेला तुमचा बोल्ट!" मी म्हणाले, आणि मग रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी आधी टाकी उतरवली, लांब नेऊन ठेवली. दिवसभर दारं सताड उघडी ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तीच जागा, तेच ड्रिल; वर मी, खाली खड्ड्यात हे.

"वाट चुकले मी."

खाली शांत. दाराकडे पाहिलं, तर मामंजींनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं होतं.

मग खालून आधी खोकला आला, आणि मागोमाग दम संपलेलं, तोकडं, "देवा, हात धर."

मी बटण दाबलं.