फुंकल्याशिवाय रोटर नाही

माझ्या नवऱ्याने, ऑगस्टीनने, फियाट पहिल्यांदा नरहरी पाटलांच्या केळीत घातली, तेव्हा मी गप्प बसले. दुसऱ्यांदा थेट बावखलात, गावच्या तळ्यात घातली, तेव्हा मागच्या सीटवर आमची लेक बेला होती. तिच्या कपाळाला तीन टाके पडले. डॉक्टर टाके घालत होते आणि हा बाजूला उभा राहून हुंदके देत होता, तोंडाला दारूचा भपकारा तसाच. माझं डोकंच फिरलं.

माणिकपूरच्या फेबियन मिस्त्रीने मला इंजिनातला रोटर दाखवला. अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो काढून घेतला की किल्ली कितीही फिरवा, गाडी सुरू होत नाही. त्या दिवसापासून रोटर माझ्या कनवटीला. नियम एकच: आधी माझ्या नाकासमोर फुंकायचं, मग रोटर मिळणार.

त्याने सगळे उपाय करून पाहिले. कच्चा कांदा खाल्ला, वेलदोडे चघळले, पेरूची पानं चावली. एकदा तर टूथपेस्टच गिळली आणि दिवसभर पोट धरून बसला. मी काही बधले नाही. शेजारणी हसायच्या, "मार्था, रोज सकाळी अंगणात नवऱ्याचा मुका घेतेस म्हणे." म्हटलं, हसा. दोन वर्षांत गाडीवर ओरखडा नव्हता.

मग बेलाचं लग्न ठरलं. ऑगस्टीन म्हणाला, "लेकीला चर्चला मीच नेणार. आठ दिवस थेंबाला शिवणार नाही."

"बघू," मी म्हटलं. असल्या शपथा मी बऱ्याच ऐकल्या होत्या.

लग्नाच्या दिवशी मी पहाटेच उठले आणि घरच्या जांभळाच्या वाइनच्या बाटल्या तपासायला बसले. तीस बाटल्या. त्यातली एखादी आंबली असती तर व्याह्यांसमोर नाक कापलं गेलं असतं. म्हणून प्रत्येकीतलं झाकणभर चाखलं. काही ठिकाणी खात्री पटेना, तिथे दोन झाकणं. आता चाखणं म्हणजे काही पिणं नव्हे.

नऊ वाजता बेला पांढरा गाऊन घालून दारात आली. ऑगस्टीन सुटात, घामाघूम.

"फुंक," मी म्हटलं.

त्याने फुंकलं. दारूचा असा वास आला की मला भोवळच आली.

"आजच्या दिवशीसुद्धा?"

"मार्था, आईशपथ, थेंब नाही घेतला. पुन्हा बघ."

पुन्हा फुंकलं, पुन्हा तोच वास. करवल्या फिदीफिदी हसायला लागल्या. मी म्हटलं, "फेबियनला बोलवा, गाडी तो नेईल." ऑगस्टीन मान खाली घालून टाय सैल करू लागला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात बेला गाऊन सावरत आमच्या मधे आली. तिने आधी त्याच्या तोंडाशी नाक नेलं, मग माझ्या.

"मम्मी, वास तुझा येतोय."

ऑगस्टीनने मला हुंगलं आणि म्हणाला, "जांभूळ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर बापाच्या गाडीतून निघाली होती आणि मी त्याला सगळ्यांसमोर चोर ठरवलं होतं. "चुकलं माझं," मी म्हटलं आणि रोटर त्याच्या हातात दिला. त्याने चर्चपर्यंत गाडी इतकी हळू नेली की दोन सायकलवाले पुढे गेले. मी मागे तोंडावर रुमाल धरून बसले होते.

दुपारी टोस्ट झाला. ऑगस्टीनने ग्लास उचलला, मग दुसरा, मग तिसरा. आज काही बोलायला मला तोंडच नव्हतं. तो उठून गाडीकडे निघाला तशी मात्र मी नवी साडी सावरत मागून धावले.

बॉनेट उघडं होतं. त्याने रोटर काढला, सुटाला पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

"मी प्यायलोय," तो म्हणाला.

तेवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मला रडूच फुटलं. मग त्याचा हात धरून मी त्याला घरी चालवत नेलं.