चांदणीचा साचा

मी बोलतोय, तळहातावर मावेल एवढा, पत्र्याचा, चांदणीच्या आकाराचा साचा. सध्या मला काही काम नाही, म्हणून बोलतोय.

मला घडवणारा कारागीर पत्र्याची नरसाळी, मापं करायचा. त्याची सहा वर्षांची मुलगी टिकली मोठ्या तापातून उठली, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, दोन महिन्यांत वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. फळं, भाज्या जरा सजवून द्या, असंही त्या म्हणाल्या. कारागिराने डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मला वाकवलं. बायकोच्या बोटाला लागू नये म्हणून वरची कड आत वळवली.

मग रोज सकाळी आई माझ्याने गाजर, पेरू, पपई कापायची. चांदण्या टिकलीच्या शाळेच्या डब्यात जात. उरलेल्या कडा आई ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवायची.

"वहिनी, चांदण्या तिला आणि आभाळ तुला," आत्या चिडवायची. "पोरगी वाळतेय, तू मात्र टम्म होतेयस."

पण डबा रिकामा येऊ लागला आणि आत्याही गप्प झाली. आई मला घासताना गुणगुणायची. मीही फुशारलो, खोटं कशाला सांगू?

दोन महिन्यांनी काट्यावर वजन एक किलो कमी भरलं. आईने टिकलीला उतरवून पुन्हा उभं केलं. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. टिकलीच्या बाकाला वास येत होता. कप्प्यात चपला घेताना मिळालेला पुठ्ठ्याचा खोका होता, आणि त्यात माझ्या सगळ्या चांदण्या. सुकलेल्या, काळ्या पडलेल्या, बुरशी धरलेल्या, पण थराथरांत वहीचे कागद घालून नीट मांडलेल्या.

आईने हात उगारला नाही. का गं, एवढंच विचारलं.

"इतक्या छान असतात," टिकली म्हणाली. "चावलं की मोडतात ना."

आईने मला फडताळात टाकलं आणि साध्या फोडी दिल्या. टिकलीने डबा उघडला, चांदण्या नाहीत बघून मिटला. चार दिवस तसेच गेले. आईने मला पुन्हा काढलं, एक तरी खा म्हणून विनवलं. टिकलीने चांदणीचं एक टोक चाटलं आणि ती अलगद परत ठेवली.

आता आम्ही दवाखान्यात आहोत. नळीतून पांढरं पातळ काहीतरी जातं. आईने मला पिशवीत घालून का आणलं, तिलाही माहीत नसावं. पातळाला मी कसला आकार देणार?

टिकली मला तळहातावर दाबून धरते. पहिल्या दिवशी लाल चांदणी उमटली, तेव्हा ती हसली होती. आता हात इतका वाळलाय की माझी तीनच टोकं टेकतात.

कारागीर संध्याकाळी येतो, खाटेपाशी बसतो, माझ्याकडे बघत नाही. कुणी त्याला माझा निरोप द्याल का? म्हणावं, मला ठोकून सपाट कर आणि माझं नरसाळं कर. निदान ते पातळ ओतायच्या कामी येईन. एवढ्याशा पट्टीत नरसाळं होईल का, ते मात्र मला ठाऊक नाही.