डब्याच्या कड्यातले बारा व्होल्ट

पैज जिन्यात लागली. साक्षीदार समोरचा शिंपी. फुकटची मजा त्या माणसाला कधी सोडवत नाही.

"वहिनी, जिथं आकडा मोठा, तिथं विजेचा जोर मोठा," वायरमन भाऊजी म्हणाले. "हरलो तर झालरीचा अभ्रा डोक्यावर घालून चौकात तुमच्या फॉर्मवर सही करतो."

"मी हरले तर फॉर्मला काडी लावते," वहिनी बोलून गेल्या.

तीन वर्षं भाऊजींच्या दुकानातले मिक्सर, पंखे, इस्त्र्या वहिनींच्याच हातून चालू होत होत्या. पण वायरमनच्या परीक्षेला बसायचं तर परवानेवाल्याची, म्हणजे भाऊजींची, सही हवी. ते म्हणायचे, "हात चांगलाय, डोक्याचं बघू." आणि उद्या शेवटची तारीख.

वहिनींनी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये नळाचं पाणी ओतलं. एका टोकाला पत्र्याची पट्टी, तिला बॅटरीची मायनस तार. दुसऱ्या टोकाला तळ कापलेल्या डब्याचं कडं, त्याला प्लस.

भाऊजींनी सवयीनं मीटरच्या तारेची काळी सुई पट्टीला टेकवली, लाल सुई कड्याच्या आतल्या पाण्यात बुडवली. "बारा व्होल्ट. पूर्ण ट्रेमध्ये सगळ्यात मोठा आकडा. शिंपीदादा, काडेपेटी काढा."

"भाऊजी, जन्मभर काळी सुई एकाच जागी ठेवलीत. आता उचला. दोन्ही सुया कड्याच्या आत, बोटभर अंतरावर."

मीटर शून्यावर बसला. सुया गोल फिरवल्या, तरी शून्य.

"बॅटरी गेली."

"मग मघाचे बारा काय माझ्या माहेरून आले?"

त्याच सुया, तेवढंच अंतर, पण कड्याबाहेर, पट्टीच्या दिशेनं. दोन व्होल्ट.

"गच्चीवर उंची भरपूर," वहिनी म्हणाल्या, "पण ठेवलेला चेंडू जागचा हलत नाही. जिन्यावर ठेवून बघा. व्होल्टेज म्हणजे उंची. जोर येतो तो उतारानं. थोड्या अंतरात आकडा जितका जास्त पडेल, तितका जोर."

भाऊजींनी सुया कड्याबाहेरच, पण पट्टीला समांतर आडव्या धरल्या. पुन्हा शून्य.

"आता हे काय?"

"एकाच पायरीवर आडवं चालून कुणी खाली पोचतं का?"

भाऊजी बराच वेळ सुया इकडेतिकडे बुडवत राहिले. मग हळूच म्हणाले, "वीस वर्षं मी नुसती उंचीच मोजली की हो."

दुपारी चौकात गुलाबी अभ्रा डोक्यावर चढला. रिक्षावाल्यांनी हॉर्न वाजवले. भाऊजींनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला, शिंप्याच्या पाठीवर फॉर्म ठेवून सही ठोकली, आणि कुणी सांगितलं नसताना अनुभवाच्या रकान्यात लिहिलं: तीन वर्षं, सगळी कामं.