दिसणारं बोलणं

"डोळ्यांचं काही बरंवाईट झालं तर मी ऐकू कशानं?" टेलरबाईंचे यजमान एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की बाहेर बसलेल्या पेशंटांनी माना वळवल्या.

"म्हणूनच तर हा चष्मा, काका," डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी काळपट हिरवा चष्मा काकांच्या नाकावर चढवला. लेझरचं मशीन चालू असताना खोलीतल्या प्रत्येकाला तो सक्तीचा होता.

काकांचं चुकत नव्हतं. छापखान्याच्या यंत्रांनी त्यांचे कान कधीच खाऊन टाकले होते. बायकोचे ओठ वाचून ते सगळं जग ऐकायचे. दुसऱ्या कुणाचे ओठ त्यांना धड उमगतच नसत. आणि नेमका बायकोचाच जबडा धरला. कात्री गळ्यात लोंबत असली तरी दोरा दातानंच तोडायचा, टाचण्या ओठांत धरून गिऱ्हाइकांशी बोलायचं, ही बाईंची जन्माची खोड. शेवटी कानापुढचा सांधा रुसला. तोंड बोटभरही उघडेना. बोलणं सगळं तोंडातल्या तोंडात. गिऱ्हाइकांचं त्यावाचून अडलं नाही, काकांचं मात्र पार अडलं. बाई बोलायच्या, काका "हो, हो" म्हणायचे; पण ते हो भलत्याच जागी आलं की बाईंना शंका यायची. आपण गप्प झालो तर हा माणूस घरात असून एकटा पडेल, ही त्यांची खरी धास्ती होती.

"मावशी," डॉक्टरीणबाई बाईंकडे वळल्या, "जादू नाही हं ही. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. आणि दोरा दातानं तोडणं आजपासून बंद!"

पेनाएवढी नळी कानापुढे टेकली. बाईंनी डोळे घट्ट मिटले. आयुष्य इस्त्री आणि सुईपाशी गेलेलं. आता चटका बसणार नाहीतर टोचणार, दुसरं काय?

"करा चालू," त्या पुटपुटल्या.

"चालूच आहे, मावशी."

बाई थक्क झाल्या. चटका नाही, टोचणं नाही, साधी घरघरसुद्धा नाही. नुसता उजेड, तोही डोळ्यांना न दिसणारा, आणि तो म्हणे कातडीतून आत शिरून दुखऱ्या सांध्याची समजूत काढतो! असल्या मऊ हातानं त्यांच्या दुखण्याला आजवर कुणी शिवलं नव्हतं.

फेऱ्या होत गेल्या. कळ हळूहळू बोथटली. एका दुपारी डॉक्टरीणबाईंनी मशीन बंद करून सांगितलं, "आ करा बघू." बाईंनी भीतभीत तोंड उघडलं, आणखी उघडलं, आणि नेहमीची कळ यायची वाट बघत तशाच बसून राहिल्या. ती आलीच नाही.

"अगं बाई! अहो, चष्मा काढा आता."

काकांनी चष्मा काढला. बाईंनी हातानं खूण केली नव्हती. ते ध्यानात आलं तसे दोघंही एकमेकांकडे बघतच राहिले.

बाहेरच्या बाकावर टेकल्यावर बाईंनी विचारलं, "इतके दिवस मी बोलत होते, ते कळायचं का हो तुम्हाला?"

"काही नाही गं."

"मग हो हो कशाला करायचात?"

"नाही म्हटलं असतं, तर तू बोलायची थांबली असतीस."

बाईंचे डोळे भरून आले आणि लगेच त्यांना एक फोन आठवला. दूरगावी राहणारा काकांचा छापखान्यातला जोडीदार मागेच वारला होता. तो फोन बाईंनी घेतला होता, जेवताना काकांना सांगितलंही होतं. काका "हो, हो" म्हणाले होते आणि त्यांनी पाणी मागितलं होतं. माणूस इतका कसा कोरडा, म्हणून बाई रात्रभर धुसफुसल्या होत्या.

त्यांनी काकांचे दोन्ही हात धरले. तोंड पुरतं उघडून, एकेक शब्द सुटा करून त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. काकांची नजर ओठांवरून हलली नाही. बोलणं संपलं तरी ते तिथंच बघत राहिले. मग त्यांनी बोटं बाईंच्या कानापुढे ठेवली.

"एवढं सगळं बोललीस," ते म्हणाले. "दुखलं नाही ना?"